राख नसलेली शेगडी

पडदा सरकतो आणि समोर एक खोली दिसते. मागच्या भिंतीला खिडकी. खिडकीतून लांबवर एक बोडका डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर दोन अजस्र पांढऱ्या थाळ्या, कुणी राक्षस जेवून धुऊन वाळत घातल्यासारख्या. खिडकीशी शिवणाचं मशीन, मशीनवर राजाचा अंगरखा, अर्धाच शिवलेला. त्याची एक बाही जमिनीला टेकलीय. मध्यभागी टेबल, वर लोंबणारा एकच दिवा. त्या दिव्याखाली एक माणूस ताठ बसून सुईत दोरा ओवतोय. शेजारच्या गादीत ओवलेल्या सुया रांगेनं उभ्या आहेत आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची शेपटी आहे.

रविवारची संध्याकाळ. आठवडाभराच्या सुया ओवून ठेवण्याची वेळ.

सुया त्याच्या बायकोच्या. ती नाटक कंपनीचे कपडे शिवायची आणि कंपनीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. खेळ चालू असताना कुणाचं काही उसवलं, तर विंगेत उभ्या उभ्या अंगावरच टाका घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा सेनापतीची विजार ऐन युद्धाच्या घोषणेआधी मागून फाटली. सेनापती अर्धा विंगेत, अर्धा रंगमंचावर, तोंडानं गर्जना चाललेली आणि टाकेबाई मागे गुडघ्यावर बसून सपासप टाके घालतेय. "हलू नका, नाहीतर कातडीसकट शिवीन," ती पुटपुटली आणि सेनापतींनी ते अख्खं युद्ध एका जागी उभं राहून जिंकलं.

टाका असा, पण जवळचं तिला लहानपणापासून धूसर दिसायचं. शिवायची ती बोटांनी. सुईचं नेढं मात्र बोटांना सापडत नाही. लग्नाआधी एकदा ती विंगेत दोरा चाटून चाटून रडकुंडीला आली होती. त्या दिवशी नाटकगृहाचा कर्णा दुरुस्त करायला आलेला एक तरुण शिडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "द्या इकडे. तुम्हाला दिसायचं नाही."

तिच्याशी तो बोलला ते पहिलंच वाक्य हे. आगाऊपणाच होता. पण दोरा एका फटक्यात गेला आणि टाकेबाईही गेली, असं कंपनीतले लोक हसून सांगत.

पुढे त्याला डोंगरावरच्या संदेश केंद्रात नोकरी लागली आणि गल्लीनं त्याचं नाव डोंगरवाले ठेवलं. त्या दोन थाळ्या दूरच्या, नजरेपलीकडच्या दुसऱ्या डोंगरावर संदेश फेकायच्या. एवढ्या लांब फेकायचं म्हणजे यंत्रही तसंच दांडगं. घरात तिसरा माणूस होता टाकेबाईचा भाऊ, धाकटा. आईवडील गेले तेव्हा तो एवढासा होता. तिनंच त्याला वाढवलं, नाटकातल्या उरलेल्या कापडाचे सदरे घालून. शाळेत तो मखमली खिशाचा सदरा घालून जायचा आणि पोरं त्याला युवराज म्हणून चिडवायची. मोठा झाला, यंत्रांचं शिकला, तेव्हा डोंगरवाल्यानंच शब्द टाकून त्याला वर चिकटवलं.

वर थंडी भयंकर. वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर दात गार पडावेत. खोली गरम करायचं यंत्र वरिष्ठ पाठवतो म्हणायचे आणि विसरायचे.

"मग करता काय तुम्ही?" टाकेबाईनं पहिल्याच हिवाळ्यात विचारलं.

"शेगडी आहे ना."

"हात शेकता?"

"हात, गाल, नाक. तोंड धरून उभं राहिलं की स्वर्ग."

बायकोच ती. शेगडी आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून डब्याबरोबर फडक्यात बांधलेले चार बटाटे जाऊ लागले. डोंगरवाला फडकं उघडून खूप हसला, पण घेऊन गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "काय बटाटे झाले होते! नुसतं मीठ लावून खाल्ले." एक तिच्यासाठी राखून आणला होता. तिनं तो फोडला. आतून लोण्यासारखा मऊ. सालीवर मात्र डाग नाही, काजळी नाही, धुराचा वाससुद्धा नाही.

"तुमच्या शेगडीवर बटाटा करपत कसा नाही हो?"

"आमची शेगडी खानदानी आहे, ताई," धाकटा डोळे मिचकावत म्हणाला. "धूर करत नाही, राख सांडत नाही."

"मेहुणेराव, घरातली गुपितं फोडू नका," डोंगरवाला म्हणाला आणि दोघं दाजी-मेहुणे फिदीफिदी हसले. या दोघांचं हे नेहमीचंच, म्हणून तिनंही पदरानं तोंड पुसलं आणि बटाटा संपवला.

किती हिवाळे ते बटाटे वर गेले!

मग एका रविवारी सुया ओवताना डोंगरवाल्यानं हात थांबवला. दिवा बाजूला ढकलला. पुन्हा दोरा नेला. तो नेढ्याच्या बाजूनं निसटला.

"हा दिवा फार चमक मारतो," तो म्हणाला.

तिनं दिवा बदलला. मग दोरा जाड आहे म्हणाला, तिनं दोरा बदलला. गादीतल्या रंगीत शेपट्या दर आठवड्याला कमी कमी होत गेल्या. भर उन्हात त्याला कमी दिसायचं आणि सावलीत बरं. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणाला, देवदूतांच्या चित्रात असतात तशी. "बघ, सगळे खांब पुण्यवान झाले," अशी थट्टाही केली. तिला हसू आलं नाही. एका रविवारी ओवलेली म्हणून त्यानं गादीत खोचलेली सुई तिनं उचलली, तर सुई एकीकडे आणि दोरा एकीकडे. त्यानं नुसता शेजारी शेजारी ठेवला होता.

डोळ्यांचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि आश्चर्यानं मान हलवली.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, भिंगाच्या मागच्या बाजूला. पण या वयात? काचेच्या कारखान्यात होतात का? लोखंडाच्या भट्टीपुढे?"

"छे हो. आमचं यंत्रांचं काम."

टाकेबाईला वाटलं, डॉक्टरांना सगळं सांगावं. "शेगडी असते ना यांच्याकडे. वर थंडी फार. तोंड शेकत उभे राहतात."

"कोळशाची?"

डोंगरवाल्यानं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी तीच बोलून गेली, "कोळशाचीच. मी बटाटे देते ना भाजायला."

डॉक्टर हसले. "घरच्या शेगडीनं असं होत नाही, बाई. नाहीतर निम्मं जग माझ्या दारात उभं असतं."

डोंगरवाल्यानं तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा विचार टाकेबाईनं पुढे आयुष्यभर केला.

ऑपरेशन झालं. त्या काळी ढगाळलेलं भिंग काढून टाकत आणि बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा देत. पट्टी सुटली, चष्मा चढवला आणि तो बायकोकडे पाहून दचकला. "अगं, तू एवढी मोठी कधी झालीस?" तेवढे काही महिने बरे गेले. मग एका सकाळी चहा पिताना तो शांतपणे म्हणाला, "उजव्या डोळ्यात बाजूनं काळा पडदा येतोय."

नाटकवाल्यांच्या घरात पडदा हा शब्द रोजचा. पण पडदा असा एका बाजूनं, घंटा न होता आणि मध्येच पडत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. इतक्या तरुणपणी भिंग काढावं लागलं की ही भीती असते. त्यांनी जमेल ते सगळं केलं. वर्ष उलटायच्या आत डाव्या डोळ्यातही तसंच झालं. त्यानंतर डोंगरवाल्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा, आणि पुढे तोही कळेना.

नोकरी सुटली. त्याचा जाड कोट आणि डबा वरच राहिला होता. धाकटा रोज आणतो म्हणायचा आणि विसरायचा. एका थंड सकाळी टाकेबाई त्याच्याबरोबर केंद्राच्या जीपमध्ये बसली. म्हणाली, मीच आणते. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा वर जात होती.

खोलीत कपाटांएवढी यंत्रं घुमत होती. तिनं कोट घेतला, डबा घेतला आणि बाईमाणसाच्या सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. कोळशाचं पोतं दिसेना. भिंतीवर काजळी नव्हती. कोपऱ्यात झाडू होता, पण त्याला राखेचा कणही नव्हता.

"राख कुठे टाकता रे तुम्ही?"

तिघं-चौघं कामगार एकमेकांकडे पाहून हसले. "ताई, राख कसली? या, आमची शेगडी बघा तरी."

एका लांब टेबलाच्या कडेला चौकोनी धातूची नळी येऊन संपत होती आणि तिच्या टोकाला कर्ण्यासारखं रुंद तोंड होतं. यंत्र तपासताना त्याची संदेश फेकणारी शक्ती त्या तोंडातून बाहेर सोडायची असा तिथला रिवाज. शक्ती नीट येते का, हे बघायला मोजायचं उपकरण होतं, पण तिथली माणसं म्हणायची, "गालाला विचार." गाल तापला की यंत्र ठीक. थंडीत मग गालाला जरा जास्तच वेळ विचारलं जायचं.

आणि त्या तोंडासमोर आत्ता धाकटा उभा होता. हात मागे बांधलेले, चेहरा किंचित वर, डोळे अर्धे मिटलेले. कोवळ्या उन्हात उभं राहिल्यासारखा. ज्वाळा नाही, लाली नाही, काही नाही. रिकाम्या हवेसमोर एक माणूस सुखावून उभा होता.

टाकेबाईला एकदम तो बटाटा आठवला. साल कोरी आणि आतून लोणी.

तिनं डबा टाकला. झेप घेऊन भावाचा दंड धरला आणि त्याला असं ओढलं की तो टेबलावर आदळला.

"ताई! काय झालं?"

"बटाटा शिजतो यात! आतून शिजतो! आणि तू डोळे धरून उभा राहतोस?"

"अगं, वर्षानुवर्षं उभे राहतोय सगळे. मला काय झालंय?"

"दाजींना काय झालं?"

"त्यांचे डोळेच कच्चे. ते स्वतःच म्हणतात."

ती घरी आली तेव्हा डोंगरवाला खुर्चीत बसला होता. तिनं कोट त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं कॉलर चाचपली आणि तो काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मी शेगडी पाहिली."

बराच वेळ त्याची बोटं कॉलरवरच फिरत राहिली.

"डॉक्टरांपुढे का बोलला नाहीत?"

"सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आणखी कोण कोण उभं राहतं? वरिष्ठांपर्यंत गेलं असतं. दोघांनाही हाकललं असतं, निष्काळजी म्हणून. मला वाटलं, माझं काय व्हायचं ते झालं. धाकट्याचं बस्तान बसू दे."

"आणि त्याचे डोळे?"

तो म्हणाला, "बाकीचे ठीक होते ना सगळे. मला वाटलं, माझेच कच्चे."

"मी बटाटे देत होते," ती म्हणाली. "माझ्या हातानं बांधून."

"बटाट्यांनी काय केलं गं?" तो म्हणाला.

धाकटा ऐकेना. ताई घाबरट, एवढंच त्याचं उत्तर. त्याचं लग्न ठरत आलं होतं, नोकरी सोडायला तो काही वेडा नव्हता. टाकेबाई रडली, भांडली, अबोला धरून बसली. शेवटी डोंगरवाला म्हणाला, "रविवारी त्याला चहाला बोलाव. आणि सुयांची गादी टेबलावर ठेव."

रविवारी तो आला. डोंगरवाल्यानं चाचपत आपली खुर्ची मागे सारली.

"मेहुणेराव, आज इथे बसा."

"सिंहासन सोडलंत, दाजी?"

"नजर गेली की गादी जातेच. ताईच्या सुया आठवडाभर रिकाम्या आहेत. ओवा."

"एवढंच ना? या युवराजाकडे बघा." धाकट्यानं दोरा ओठांत ओला केला, दिव्याकडे वाकला.

डोंगरवाला मान खाली घालून ऐकत होता. ज्यानं हजारो सुया ओवल्या, त्याला आवाजावरूनही कळत असावं. दोरा ओला झाला. थोडं थांबून पुन्हा ओला झाला. खुर्ची करकरली, धाकटा पुढे सरकला, मग मागे. टाकेबाई कात्री हातात धरून उभी.

"ताई, दिवा बदललास का?" धाकटा म्हणाला. "हा फार चमक मारतो."

कात्री तिच्या हातातून खाली पडली.

धाकट्याला काही समजेना. तो एकदा ताईकडे बघतोय, एकदा दाजींकडे. "काय झालं? अहो, दिव्याचं बोललो मी."

"माझ्याकडे बघ," डोंगरवाला म्हणाला. त्यानं त्या दिवसापर्यंत मेहुण्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. सगळी थट्टा अहो-जाहोत चालायची. "इकडे. नीट बघ माझ्याकडे. मीसुद्धा पहिल्यांदा दिव्यालाच नावं ठेवली होती."

धाकट्यानं पाहिलं. त्या रिकाम्या, कुठेच न टेकणाऱ्या नजरेकडे बहुधा पहिल्यांदाच. मग त्यानं सुई गादीत खोचली आणि टेबलावर डोकं ठेवलं. टाकेबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, शाळेतून मार खाऊन आल्यावर फिरवायची तसा.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेले. या वेळी टाकेबाईनं कर्णा, नळी, बटाटा, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही शेगडी म्हणालात," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मी कोळसा ऐकला."

मग त्यांनी समजावलं. शरीरात कुठेही उष्णता जास्त झाली की रक्त ती वाहून नेतं. डोळ्याच्या भिंगात रक्तच नसतं. तिथे शिरलेली उष्णता तिथेच साचते. कच्च्या अंड्याचं पांढरं आरपार दिसतं, शिजलं की दुधी होतं आणि काही केल्या पुन्हा आरपार होत नाही. तसंच हे. "यांच्या बाबतीत शंभर टक्के तेच झालं, असं शपथेवर मी सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "आणि संदेशाच्या अशा अदृश्य लहरी सोडणारं प्रत्येक यंत्र घातक, असंही नाही. किती जोराच्या, किती जवळून, किती वेळ, यावर सगळं आहे. पण बटाटा शिजेल इतक्या जोरासमोर डोळे धरायचे नसतात." धाकट्याच्या भिंगात त्यांना नुकतं दाटू लागलेलं धुकं दिसलं. अगदी थोडं.

धाकट्यानं डोंगर सोडला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. ठरत आलेलं लग्न मोडलं; पुढे दुसरं झालं. धुकं बहुतेक तिथेच थांबलं, संसार दिसण्याइतकी नजर त्याला राहिली. जाण्याआधी त्यानं वरच्या एकेकाला धरून दाजींची गोष्ट सांगितली. वरिष्ठांनी कर्ण्यावर धातूचं झाकण बसवलं, खोली गरम करायचं यंत्रही पाठवलं. डोंगरवाल्याच्या डोळ्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या लेखी ते वय, ते नशीब, ते घराण्यातलं दुखणं.

डोंगरवाला मग बायकोबरोबर नाटकगृहात येऊ लागला. कपड्यांच्या खोलीत स्टुलावर बसायचा आणि बोटांनी कपडे ओळखायचा: हा राजाचा, जरीला हातशिलाई आहे, ही विधवेची साडी, धुऊन धुऊन मऊ झालीय. नटमंडळी त्याच्या हातूनच कपडे घ्यायची. आपला अंगरखा त्याच्या हातून घेतला की प्रयोग रंगतो, असा समजच झाला होता. आणि एक कला त्यानं नव्यानं साधली. सुई ओठांत धरायचा, जिभेच्या टोकानं नेढं शोधायचा आणि दोरा जिभेवरून आत सरकवायचा. पहिला दोरा गेला तेव्हा टाकेबाई त्या कपड्यांत तोंड लपवून रडली. रविवारच्या रंगीत शेपट्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. रंग तेवढे ती सांगायची.

बऱ्याच वर्षांनी नाटकगृहाच्या उपाहारगृहात एक नवी पेटी आली. बटण दाबलं की आगीशिवायच आत जेवण गरम होतं. सगळ्यांना अप्रूप. डोंगरवाल्यानं तिचं घुमणं ऐकलं आणि म्हणाला, "एक बटाटा ठेवा यात." तो त्यानं मीठ लावून सावकाश खाल्ला. सालीवरून अंगठा फिरवला.

"हाच," तो म्हणाला. मग पेटीचं दार उघडून मिटून पाहिलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. "दार चांगलं घट्ट आहे. आमच्या शेगडीला दार नव्हतं गं."

टाकेबाईनं त्यानंतर घरात बटाटा शिजवला नाही.

तो गेला तो हिवाळ्यातच. छातीत कफ साठला होता. अंगावर तोच जाड कोट, आणि दुपारचं ऊन खाटेवर पडेल अशी तिनं खाट खिडकीशी सरकवलेली. धाकटा पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होता. कोटाचं वरचं बटण लोंबत होतं. काहीतरी करत राहायला हवं म्हणून टाकेबाई सुई घेऊन बसली. तिची नजर आता वयानं आणखी अधू झालेली, त्यातून डोळे भरलेले. ती दोरा चाटत होती, नेत होती, तो निसटत होता.

डोंगरवाल्यानं ते ऐकलं. कोटाच्या बाहीतून त्याचा हात हळूहळू बाहेर आला आणि तिच्या दिशेनं उघडा झाला.

"दे इकडे," तो म्हणाला. "तुला दिसायचं नाही."